बाळाचा पहिला दात आणि त्याच्या माथी मारलेले आजार

बैलबाजारात गेलेला शेतकरी आधी बैलाचे तोंड उघडतो. जनावर आदत आहे की दुसे, चौसे आहे की जुळलेले, हे तो दातावरून सांगतो आणि त्यावरच भाव ठरतो. वासरू जन्मते तेव्हाच त्याच्या खालच्या जबड्यात दुधाचे दात दिसत असतात, वरच्या जबड्यात पुढचे दात कधीच येत नाहीत, आणि दीड-दोन वर्षांनी दुधाचे दोन पडून मोठे दोन आले की जनावर दुसे झाले, हा हिशेब शेतकऱ्याच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतो. मात्र त्याच घरातल्या बाळाला पहिला दात केव्हा यावा, कोणता यावा आणि आल्यावर त्याची निगा कशी राखावी, असे विचारले की दहा जणांची दहा उत्तरे येतात. म्हणून या वेळी या पानावर पिकांचा विषय बाजूला ठेवून बाळाच्या पहिल्या दाताकडे वळावे असे आम्हांला वाटले.

हा विषय सचिनसारख्या ठिकाणी विशेष जिव्हाळ्याचा आहे. सुरतेहून नवसारीकडे जाताना उधना आणि भेस्तान मागे टाकले की सचिन स्टेशन लागते. एके काळी हे जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या एका शाखेचे छोटे संस्थान होते. १७९१ साली जंजिऱ्यावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात ते त्यांना मिळाले, म्हणजे महाराष्ट्राशी सचिनचा धागा तसा जुनाच आहे. आज तेथे कारखान्यांची मोठी वसाहत आहे आणि तीत काम करणारी कितीतरी मराठी कुटुंबे नंदुरबार, धुळे, जळगावकडची आहेत. शेत गावाकडे आणि खोली सचिनला, असा त्यांचा संसार. उधन्याहून बारडोली, व्यारा, नवापूर करत नंदुरबारकडे जाणारी गाडी हा त्या दोन घरांमधला पूल. त्याच वाटेने दर हिवाळ्यात ऊसतोडीच्या कोयत्याही सुरत जिल्ह्यात उतरतात, आणि त्यांच्याबरोबर सहा-आठ महिन्यांची तान्ही बाळेही येतात. नेमके याच वयात दात येतात. आजी गावाकडे राहिलेली, आई कामावर, शेजारीण गुजराती किंवा ओडिया, आणि प्रत्येकीचा सल्ला निराळा. अशा वेळी खरे काय ते माहीत असणे फार गरजेचे.

प्रथम दातांची गोष्ट मुळापासून पाहू. बाळाचा दात सहाव्या महिन्यात तयार होत नाही, तेव्हा तो फक्त बाहेर डोकावतो. त्याचा कोंब आईच्या पोटातच, गर्भ सहा आठवड्यांचा असताना फुटू लागतो, आणि चौथ्या महिन्यापासून त्यात चुना भरू लागतो. बाळ जन्मते तेव्हा हिरड्यांखाली सगळे वीस दुधाचे दात कमीअधिक घडलेले असतात. म्हणून गरोदर बाईला मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, दूध, नाचणी, डाळ, पालेभाजी यांचा दाताशी फार जवळचा संबंध आहे. पेरणीआधी जमीन तयार करावी तसेच हे काम आहे, उगवल्यावर घातलेले खत थोडे उशिराचेच.

बहुतेक बाळांना पहिला दात सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान येतो. काहींना चौथ्या महिन्यात येतो, काहींना वाढदिवस उलटून जातो, आणि हे दोन्ही ठीक असते. बहुधा खालचे मधले दोन पटाशीचे दात आधी येतात, मग वरचे मधले दोन, मग त्यांच्या बाजूचे. वर्षाच्या सुमारास पहिल्या दाढा, दीड वर्षाच्या आसपास सुळे, आणि दोन ते अडीच वर्षांत मागच्या दाढा. तीन वर्षांपर्यंत वीस दात पुरे होतात. क्रमात थोडा फरक पडला तर त्याने काही बिघडत नाही. वरचे दात आधी आले की मामाला जड, असे आपल्याकडे म्हणतात. मामाने निर्धास्त राहावे. तो क्रम बाळाच्या जबड्यात ठरतो, मामाच्या नशिबात नाही.

उशीर केव्हा मनावर घ्यावा? बाळ सव्वा ते दीड वर्षाचे झाले तरी एकही दात नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक वेळा घराण्यात उशिरा दात येण्याची रीत असते, वडिलांनाही तसेच आलेले असतात. पण कधी कधी मुडदूस, कुपोषण किंवा गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा मंदपणा यामागे असतो, आणि ही कारणे वेळेत सापडली तर उपाय आहे. क्वचित एखादे बाळ दात घेऊनच जन्मते. दोन-तीन हजारांत एखादे तरी असे निघते. फ्रान्सचा राजा चौदावा लुई १६३८ साली दोन दातांसह जन्मला आणि पुढे बहात्तर वर्षे गादीवर बसला, तेव्हा त्यात अपशकुन शोधण्याचे कारण नाही. मात्र असा दात हलत असेल तर तो निघून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, आणि कधी त्याने बाळाच्या जिभेखाली जखम होते. तो सुईणीने किंवा घरच्या माणसाने दोरा बांधून उपटू नये. दवाखान्यात दाखवावा, काढायचा की ठेवायचा ते तेथे ठरेल.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. बाळ सहा-सात महिन्यांचे झाले, त्याला ताप आला, जुलाब लागले, खोकला झाला, की घरातले वडीलधारे माणूस शांतपणे सांगते, “काही नाही, दात येताहेत.” हे वाक्य प्रेमाने आणि धीर देण्यासाठी उच्चारलेले असते. पण या एका वाक्याने किती घरांत दवाखान्याला जायला दोन-तीन दिवसांचा उशीर होतो याचा विचार करावा. तान्ह्या बाळाच्या जुलाबात दोन दिवस फार मोठे असतात.

हा समज एकट्या आपल्या देशातला नाही. इंग्लंडमध्ये १८३९ सालच्या सरकारी मृत्यूनोंदीत पाच हजारांवर बाळांच्या मरणाचे कारण “दात येणे” असे लिहिलेले आहे. सोळाव्या शतकापासून युरोपातले वैद्य दाताला वाट मिळावी म्हणून हिरडीला चीर देत, आणि शेकडो वर्षे ती पद्धत चालली. ती बाळे खरोखर कशाने गेली? दूषित पाण्याने, जुलाबाने, न्यूमोनियाने, गोवराने, उपासमारीने. दात बिचारा त्याच वयात उगवत होता, म्हणून नोंदवहीत त्याचे नाव लागले. चोरी झाली त्या रात्री शेतातून जो गेला तोच चोर, असे धरण्याचा हा प्रकार.

मग दात येताना काय होते आणि काय होत नाही? अमेरिकेत क्लीव्हलंड येथील डॉक्टरांनी याचा नीट शोध घेतला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. सव्वाशे बाळांच्या आयांनी रोज दोन वेळा ताप मोजून बाळाची लक्षणे टिपली, आणि त्या काळात ४७५ दात उगवले. दात बाहेर येण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, एवढ्याच मुदतीत काही गोष्टी वाढलेल्या दिसल्या. त्या अशा: लाळ गळणे, चावणे, हिरड्या चोळणे, किरकिर, कान ओढणे, तोंडाभोवती पुरळ, घट्ट खाण्याचा कंटाळा आणि अंग किंचित कोमट होणे. जुलाब, खोकला, अंगभर पुरळ आणि १०२ अंशांवरचा ताप यांचा दात येण्याशी संबंध आढळला नाही. शिवाय ज्या बाळांना दात येत होते त्यांतल्या कितीतरी बाळांना काहीच त्रास झाला नाही. म्हणजे लाळ आणि किरकिर यांचा दोष दाताला खुशाल द्यावा. तापाचा आणि जुलाबाचा देऊ नये.

मग याच वयात बाळ आजारी का पडते? कारण साधे आहे. पोटात असताना आईच्या रक्तातून बाळाला रोगांशी लढण्याची जी शिदोरी मिळते ती सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येते. त्याच वेळी वरचे अन्न सुरू होते, म्हणजे वाटी, चमचा, पाणी आणि हात यांतून जंतू आत जाण्याची वाट उघडते. बाळ रांगू लागते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते, जमिनीवरची माती, कोंबडीची विष्ठा, चप्पल, उसाचे पाचट. हिरड्या सळसळत असल्याने ते आणखी चावते. तेव्हा दात आणि जुलाब एकाच वेळी येतात हे आजीचे निरीक्षण खरे आहे, फक्त जुलाबाचे कारण दात नसून तोंडात गेलेली घाण आहे. आजीचे निरीक्षण घ्यावे आणि निष्कर्ष बदलावा.

म्हणून ताप आला तर तो ताप समजूनच उपाय करावा. थर्मामीटरने मोजावा, हाताच्या पाठीचा अंदाज फसवतो. बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल आणि ताप १००.४ अंश किंवा जास्त असेल तर तासाचाही उशीर नको. मोठ्या बाळाचा ताप चढलेला असेल, दुसऱ्या दिवशीही टिकला असेल किंवा बाळ मलूल दिसत असेल तर दवाखाना गाठावा. सुरतेकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर हिवतापाचा उपद्रव असतो, तेव्हा अशा तापात रक्त तपासून घ्यायला सांगावे. खोकल्याबरोबर श्वास जलद चालला असेल तर बाळ शांत असताना घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक भरला तर ती न्यूमोनियाची खूण आहे. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत खेचली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, झटका आला असेल, जागे करूनही नीट जागे होत नसेल, तर १०८ला फोन करून गाडी बोलवावी. हा क्रमांक गुजरातेत आणि महाराष्ट्रात एकच आहे, आणि सचिनहून सुरतेचे सिव्हिल हॉस्पिटल फार लांब नाही.

जुलाबाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण त्यावरचा उपाय स्वस्त आणि घरातला आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या लढाईत लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसे पटापट मरू लागली. शिरेतून द्यायचे सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा पाण्यात मिसळून पिंपात भरला आणि नातेवाइकांच्या हातांनी रोग्यांना पाजायला लावला. शंभरातली तीसेक माणसे मरत होती, ते प्रमाण चारापेक्षाही खाली आले. तीच आपली जलसंजीवनी. तिचे पाकीट आंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळते. एक पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे, अर्धे पाकीट अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. प्रत्येक जुलाबानंतर अर्धा कप, चमच्याचमच्याने. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे, उरलेले फेकावे. अंगावरचे दूध आणि वरचे खाणे बंद करू नये, उपाशी ठेवल्याने जुलाब थांबत नाही, बाळ मात्र खचते. शिवाय जस्ताची गोळी सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम, अशी चौदा दिवस द्यायची असते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबला तरी गोळी पूर्ण करावी. शौचात रक्त दिसले तर घरी उपाय करत बसू नये.

याच संदर्भात टाळूची गोष्ट. जुलाबाने बाळाची टाळू खोल गेली की “टाळू पडली” म्हणून तिच्यावर तेल थापतात, कोणी बोट घालून तोंडातला टाळा वर उचलतो. टाळू खोल जाते ती अंगातले पाणी आटल्यामुळे. विहिरीची पातळी खाली गेली तर काठावर तेल ओतून ती वर येत नाही. तोंडाने पाणी द्यावे आणि डॉक्टर गाठावा. पोटावर बिब्बा घालणे, तापलेल्या सळईने डाग देणे, हे तर सरळ बाळाला भाजणे आहे. ते कोणी सुचवले तर वयाचा मान राखून पण ठामपणे नाही म्हणावे.

दातासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांचा इतिहास वाचला तर अंगावर काटा येतो. इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात दात येणाऱ्या बाळांना द्यायच्या पुड्या घरोघर असत. त्यांत पाऱ्याचे क्षार असत. त्याच काळी काही बाळांचे हात-पाय गुलाबी, गार आणि दुखरे होत, बाळ रात्रंदिवस रडे, केस आणि दातही गळत. “गुलाबी रोग” म्हणून डॉक्टर त्यावर डोके खाजवत राहिले. अमेरिकेतले डॉ. वर्कनी यांनी १९४० नंतरच्या दशकात अशा बाळांच्या लघवीत पारा शोधून काढला. इंग्लंडमध्ये १९५४ च्या सुमारास त्या पुड्या बाजारातून उठल्या आणि पाठोपाठ तो रोगही जवळजवळ नाहीसा झाला. पण माणूस विसरतो. २००८-०९ साली नायजेरियात दात येण्याच्या वेळी द्यायच्या एका पातळ औषधात विषारी द्रावक मिसळला गेला आणि ८४ बाळे दगावली. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून तेच विष मुलांच्या पोटात गेले. हिरडीला लावायची बधिर करणारी जेलही धोक्याची आहे. तिच्यातल्या बेंझोकेनने क्वचित रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ साली दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ती वापरू नये असे बजावले.

आपल्याकडचे काय? डिकेमाली हिरडीला चोळण्याची चाल महाराष्ट्रात आणि गुजरातेत दोन्हीकडे आहे. घुटीत वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड उगाळतात. ही सगळीच विषे आहेत असे आम्ही म्हणत नाही, पण सहाण धुतलेली नसते, पाणी उकळलेले नसते, आणि कोणाचे वेढे किती याला मोजमाप नसते. जायफळ जास्त झाले तर बाळ गुंगते, आणि घरचे म्हणतात छान झोपले. गुंगी आणि झोप यांत फरक आहे. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगार बाया शंभर वर्षांपूर्वी अफूची बाळागोळी देऊन तान्ह्यांना निजवत आणि कामावर जात, त्यांचा नाइलाज होता. तो काळ गेला, तेव्हा तसल्या गुंगीच्या वाटेला कोणत्याही नावाने परत जाऊ नये. मधाचे बोट वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये, मधात कधी कधी असा जंतू असतो की त्याने बाळ लुळे पडते. आणि बजर! सुरतेकडे बायका दाताला बजर घासतात, खानदेशात आणि कोकणात मशेरी लावतात. ती तंबाखूच आहे. तेच बोट न धुता बाळाच्या हिरडीवर फिरवले तर तंबाखू बाळाच्या पोटात जाते. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ सालीच बंदी केली, पण डबीतली बजर वेगळ्या नावाने घरात येते, तेव्हा बंदी घरातच करावी लागेल.

मग हिरड्या सळसळल्या तर काय करावे? हात साबणाने धुऊन बोटाने हिरडी हलके चोळावी, एवढ्यानेही पुष्कळ बरे वाटते. स्वच्छ सुती फडके उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून माठाजवळ गार करून चावायला द्यावे. स्टीलचा गार चमचा चालतो, फ्रीझरमधला गोठलेला नको. रबरी कडे द्यायचे तर एकसंध घ्यावे, आत पाणी भरलेले नको, आणि ते रोज धुवावे. रंगवलेली लाकडी खेळणी देऊ नयेत, रंगात शिसे असू शकते. गळ्यात मण्यांची माळ किंवा काळा दोरा घालून बाळाला निजवू नये, फास बसतो आणि मणी तुटून घशात जातो. गाजराचा तुकडा, शेंगदाणा, कच्च्या फळाची फोड यांचे तसेच. ऊसतोडीच्या पडावावर बाळाला शांत ठेवण्यासाठी सोललेले उसाचे कांडे हातात देतात, तेही टाळावे. रस दातावर राहतो, चोयटी घशात अडकते आणि कांडे मातीत पडून पुन्हा तोंडात जाते. लाळेने हनुवटी ओली राहून फुटते, तेथे वरचेवर कोरड्या फडक्याने टिपून थोडे खोबरेल तेल लावावे. फारच किरकिर असेल तर पॅरासिटामॉलचे थेंब डॉक्टरांना वजन सांगून, त्यांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावेत. ॲस्पिरिन नाही.

आईला बाळ चावले तर? नवा दात आलेले बाळ बहुधा पोट भरल्यावर, खेळता खेळता चावते. ओरडू नये, दचकून ते पुढच्या वेळी अंगावर घ्यायला कचरते. करंगळी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवावी, शांतपणे “नाही” म्हणावे आणि थोडा वेळ पाजणे थांबवावे. दोन-चार दिवसांत ते शिकते. दात आला म्हणून अंगावरचे तोडू नये, दोन वर्षे आणि पुढेही ते द्यावे.

आणि आता दाताची स्वतःची निगा. “दुधाचा दात, पडणारच आहे” असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. पण पुढचे दात सहा-सात वर्षांपर्यंत आणि दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात. त्यांच्यावर जेवण, बोलणे आणि खालच्या कायमच्या दाताची जागा अवलंबून असते. दुधाच्या दाताचे कवच पातळ असते, मोठ्यांच्या दाताच्या निम्मे म्हटले तरी चालेल. कीड लागली की लवकर आत जाते. रात्री ठणकणारा दात घेऊन तीन वर्षांचे मूल जेवत नाही आणि वजन घटते.

दात येण्यापूर्वीच रोज एकदा ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसायची सवय लावावी. पहिला दात दिसला की त्याच दिवसापासून लहान मऊ ब्रश, सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी. पेस्ट फ्लोराईडची घ्यावी, पण तांदळाच्या एका दाण्याएवढीच. पुढे तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. एका माणसाने बाळाला मांडीवर घ्यावे, समोर दुसऱ्याने गुडघ्याला गुडघा लावून बसावे आणि बाळाचे डोके त्याच्या मांडीवर टेकवावे. मग तोंडात सरळ दिसते आणि हात धरायलाही सोपे जाते. बाप घरी असेल तर हे काम त्याचे समजावे. राखुंडी, मीठ, कोळसा, लाल दंतमंजन यांनी बाळाचा दात घासू नये, खरखरीत पूड कवच झिजवते.

सर्वांत मोठा शत्रू रात्रीची बाटली. साखर घातलेले दूध किंवा चहा बाटलीत भरून बाळाच्या तोंडात देऊन निजवले की ते गोड पाणी रात्रभर वरच्या दातांभोवती साचून राहते. खालच्या दातांवर जीभ असते म्हणून ते वाचतात, वरचे चार आधी काळे पडतात. आपल्या जिल्ह्यात साखर आणि गूळ दोन्ही मुबलक, त्यामुळे बोटाला गूळ लावून चाटवणेही सर्रास चालते. गोड द्यायचे तर जेवणाबरोबर द्यावे, दिवसभर चाटायला नको. वर्ष भरताना बाटली सोडवून वाटी-फुलपात्र शिकवावे. चमचा आपल्या तोंडात घालून चव पाहून तोच बाळाच्या तोंडात देऊ नये, कारण किडीचे जंतू आईबापांच्या तोंडातूनच बाळाकडे जातात. तेव्हा आईची किडलेली दाढ आधी दुरुस्त करून घेणे ही बाळाच्याच दाताची सेवा होय.

महिन्यातून एकदा उजेडात बसून बाळाचा वरचा ओठ उचलून पाहावा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण. या टप्प्यावर फ्लोराईड आणि स्वच्छतेने दात सावरता येतो. रेघ तपकिरी झाली, खळगा पडला, की मग भरण्याचे काम. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवावे असे बालदंतवैद्य सांगतात. ऐकून काहींना हसू येईल, पण दोन दात पाहायला जाणे हे चार दाढा काढायला जाण्यापेक्षा स्वस्त पडते.

दातदुखीने हैराण झालेले भाविक संत अपोलोनियाचे नाव घेतात. इसवी सन २४९च्या सुमारास अलेक्झांड्रियात छळ करणाऱ्यांनी तिचे दात पाडले होते, आणि ९ फेब्रुवारीला तिचे स्मरण होते. त्या दिवसाचे निमित्त करून घरातल्या सर्वांचे दात पाहून घेण्याची प्रथा कोणी सुरू केली तर आम्हांला आनंदच होईल.

जाता जाता लसीचे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते, आणि “दात येताहेत, बरे झाल्यावर देऊ” म्हणून ती मागे पडते. दात येणे हे लस चुकवण्याचे कारण नाही, लाळ आणि किरकिर असताना लस देता येते. गुजरातेत बुधवारी ममता दिवसाला आंगणवाडीत लस मिळते, ममता कार्ड बरोबर न्यावे. जे कुटुंब होळीला किंवा पेरणीला गावाकडे जाणार असेल त्याने ते कार्ड कपड्यांच्या पिशवीत नाही, तर आईच्या पर्समध्ये ठेवावे. नंदुरबारच्या आरोग्य केंद्रातही त्यावरूनच पुढची लस मिळते, आणि त्याच कार्डाच्या कोपऱ्यात पहिला दात कोणत्या तारखेला दिसला तेही लिहून ठेवता येते.